पालथ्या पुंगळ्यांचा ट्रे

सगळ्यात आधी मशीन घेऊ नका. ज्याला एवढंच ऐकायचं असेल त्याने पान उलटून चकलीच्या कृतीकडे जावं. बाकीच्यांनी बसा.

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी आपल्या नोकरीवर लिहितं. बँकवाले लिहून झाले, शाळेतल्या बाई लिहून झाल्या. यंदा अंकाच्या मॅडम माझ्या दारात आल्या. "काका, तुमचं काम फार वेगळं होतं म्हणे." मी म्हटलं, "मी काडतुसं भरायचो." त्या एक पायरी खाली उतरल्या. मग मी सांगितलं की नेमबाजीच्या क्लबात, परवान्यावर, कुलपाच्या खोलीत. तेव्हा पुन्हा वर आल्या. मी चौथी पास. शुद्धलेखन त्यांनी केलंय, चुका सापडल्या तर त्यांना सांगा. मजकूर माझा आहे.

मूळचा मी जासईच्या बाजूचा. बाप मिठागरात, मीही मिठागरात. मग जमिनी गेल्या, मिठागरं गेली, तिथे कंटेनर आले. मी डोंगराच्या पायथ्याच्या एका रायफल क्लबात वॉचमन लागलो. तिथे साताऱ्याकडचे एक रिटायर सुभेदार होते. क्लबाच्या बंदुका आणि दारूगोळा त्यांच्या ताब्यात. त्यांनी मला गेटवरून उचलून आत बसवलं. "तुझं त्वांड बंद असतं, म्हणून तुला घेतो," म्हणाले. दुसरी काही परीक्षा नव्हती.

आता काम काय, ते सांगतो. काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, बुडाला एक टोपी, पोटात दारू, तोंडाला गोळी. घोडा दाबला की टोपी फुटते, दारू पेटते, गोळी जाते. मागे राहते रिकामी पुंगळी. ती फेकून देण्यासारखी नसते. धुवायची, मेलेली टोपी काढायची, फुगलेली असते ती दाबून पुन्हा मापात आणायची, नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी. दुधाची बाटली धुऊन परत भरतात तसंच. फरक एवढाच की इथे चुकलं तर दूध सांडत नाही, माणसाचा डोळा जातो. बंदूक गालाला लावून उडवतात हे लक्षात ठेवा.

क्लबात नवीन माणूस आला की दोन महिन्यांत त्याला स्वतः भरायचं वेड लागतं आणि पहिला प्रश्न असतो, "काका, मशीन कुठलं घेऊ?" मोबाईलमध्ये चित्र तयार असतं. एक हँडल खाली ओढलं की पाच कामं एकदम, आणि ताटात काडतूस टप् करून पडतं.

माझ्या गावातलाच एक, निलेश. नात्याने भाचा लागतो, आता बिल्डर आहे. तो असलं मशीन घेऊनच आला.

"मामा, बघ. भारीतलं भारी."

"कशाला रे एवढी घाई? वरातीत उडवायचीत का?"

"टाइम वाचतो ना."

"वाचलेल्या टायमात काय करशील?"

"मामा, तू पण ना..."

भरली त्याने. सुभेदार समोर बसले होते, तरी पाच कामं एकाच वेळी चाललेली असताना डोळा नेमका कशावर ठेवायचा? एका पुंगळीत दारू पडलीच नाही. दुसऱ्या दिवशी निलेशने घोडा दाबला तर धाड् नाही, नुसतं फुस्. त्याला वाटलं काडतूस वाया गेलं. दुसरं चढवलं. आणि मागून आरोळी आली, "थांब रं निल्या! दुसरी मारू नको! गोली नलीतच हाय!"

ही आरोळी माझ्या बायकोची. बेबी तिचं नाव. साठीची झाली तरी बेबीच, आमच्याकडे त्या काळात हे नाव फार ठेवायचे. ती तेव्हा क्लबातच झाडलोटीला होती, मागे झाडू मारत होती. टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि त्याच्यावर दुसरी उडवली की नळी फाटते. बेबीला हे कोणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं धाड् धाड् ऐकलेल्या बाईला फुस् कळलं, बस. सुभेदारांनी नळीत गज घातला, गोळी ठोकून बाहेर काढली. निलेश घामाने भिजला होता. बेबी त्याला म्हणाली, "तुजे आयशीला काय तोंड दाखवला असता मी?" आणि झाडू मारायला गेली.

म्हणून सांगतो, सुरुवातीला एका हँडलाला एक काम करणारं साधं प्रेस घ्या. सगळ्या पुंगळ्यांच्या टोप्या काढा, मग सगळ्या मापात आणा, मग सगळ्यांना नव्या टोप्या बसवा. भोकांचा लाकडी ट्रे घ्या, म्हणजे दारू घातल्यावर वरून बॅटरी मारून प्रत्येकीच्या पोटात बघता येतं. सगळ्यात चांगला घ्यायचा तो काटा. दारू तोलायचा काटा स्वस्तातला घेतला तर बाकी सगळं पाण्यात. चष्मा घ्या. बाक असा घ्या की धक्का दिला तरी हलणार नाही. पुंगळ्या घुसळून चमकवायचं विजेचं यंत्र पण मिळतं, ते नाही घेतलं तरी चालेल. आमच्याकडे ते काम चिंचेवर चालायचं.

ते असं झालं. सुभेदार पुंगळ्या धुवायला कसली कसली पावडर आणायचे. बेबीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "साहेब, पितलच हाय ना? मंग घागरीसारखा धुवाला काय होतं?" घरून चिंच कोळून आणली. पण घागर ठेवते तसं भिजत नाही ठेवलं, लगेच काढून चोळून धुतलं, कारण चिंचेत जास्त राहिलं की पितळ लाल पडतं. मग सुपात पसरून उन्हात. सुभेदार सूप हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून बेबीचा झाडू कमी झाला आणि ती खोलीत आली.

खरं काम त्याच्या पुढे होतं. पुंगळी दरवेळी उडताना थोडी ताणते. ताणून ताणून बुडाच्या वर, आतल्या अंगाला गोल खोबण पडते. बाहेरून पुंगळी सोन्यासारखी दिसते. कधी कधी बाहेर बारीक रेघ चमकते, पण तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. एक दिवस ती तिथे दोन तुकडे होते आणि गरम वारा मागे तोंडावर येतो. ती खोबण डोळ्याने बघायची सोय नाही. टोकाला वाकवलेली तार आत घालायची, बुडाला टेकवून वर ओढायची, आणि टोक अडकतं का ते बोटाला कळलं पाहिजे.

सुभेदारांनी तार मला दिली. मी घातली, ओढली, काही कळलं नाही. पुन्हा घातली. मिठागरात खाऱ्या पाण्याने आणि फावड्याने माझी बोटं लहानपणीच दगड झालेली. सुभेदार चिडले, "आरं, बैलाला पन कळंल!" बेबी बाजूला पुंगळ्या पुसत होती. तिने अंबाड्यातला आकडा काढला, उंबऱ्याच्या दगडावर टोक वाकवलं, आणि एकेक पुंगळी घेऊन आकडा फिरवायला लागली. एक बाजूला काढून ठेवली.

"हिचा बांध आतून गेलाय."

मिठागरातली बाई ती. भरतीला बांध फुटतो तो वरून नाही फुटत, आतून खचत येतो, वरून चालताना पायाला कळतं. ते तिला पुंगळीत कळलं. सुभेदारांनी करवत काढून ती पुंगळी उभी चिरली. आत गोल खोबण, पातळ, चमकणारी.  सुभेदारांनी आपलं स्टूल उचललं आणि तिला बसायला दिलं.

त्यानंतर आम्ही दोघं त्या खोलीत काम करत राहिलो. सुभेदार म्हातारे होऊन गावी गेले, पुढे तिथेच वारले. आम्ही होतो तिथेच.

त्या खोलीचा एक नियम सुभेदारांनी घातलेला, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाकावर काम चालू असताना बोलायचं नाही. तोलणाऱ्याशी तर अजिबातच नाही. आग लागली तरच, असं ते म्हणायचे. "कितवी होती?" असं मनात आलं की तो सगळा ट्रे ओतून पहिल्यापासून करायचा. त्यामुळे बेबी आणि मी शेजारी शेजारी बसून दिवसभर एक शब्द बोलायचो नाही. चांगली पुंगळी ती ट्रेमध्ये तोंड वर करून ठेवायची. बाद असली की पालथी. ट्रे भरला की माझ्या कोपराशी सरकवायची. पालथ्या मी काढून त्याच दिवशी हातोडीने ठेचायच्या, म्हणजे चुकून कोणाच्या हाताला लागायला नको. चहा पाहिजे असेल तर बाकावर बोटाने दोनदा टकटक. लोकांच्या बायका बोलून डोकं खातात. माझी बायको न बोलता सगळं सांगायची.

एकदा काय झालं, तिच्या भावाच्या साखरपुड्याला मी गेलो नाही. सकाळपासून ती गप्प. ती गप्पच असायची, त्यामुळे मला पत्ता नाही. दुपारी ट्रे माझ्याकडे आला तो सगळाच्या सगळा पालथा. एकही पुंगळी उभी नाही. मी घाबरलो, सुभेदारांना दाखवलं. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले, कारण माल नवाच होता. त्यांनी दोन चिरल्या. आत काही नाही, गुळगुळीत.

"बेबीबाय, ह्ये काय? पितळ तर झकास हाय."

बेबी आकडा पुसत म्हणाली, "पितल बरा हाय साहेब. मानूस फुटका हाय."

सुभेदार एवढे हसले की त्यांना खोकला आला. मी त्या संध्याकाळी मेव्हण्याच्या घरी जाऊन आलो. त्यानंतरही वर्षा-दोन वर्षांतून एखादा ट्रे पालथा यायचा. मी आकड्याकडे बघायचो नाही, तिच्या तोंडाकडे बघायचो. नाकाचा शेंडा लाल असला की समजायचं, पितळ बरं आहे. मग काय चुकलं ते आठवायला बसायचं.

बेबी गेली त्याला वर्ष होऊन गेलंय. त्या दिवशी दुपारी मी दारू तोलत होतो. तिने ट्रे माझ्या कोपराशी ठेवला. मी मान वर केली नाही, करायचीच नसते. ती उठून नळावर गेली आणि तिथे पडली. हॉस्पिटलात नेली, पण शुद्ध आली नाही. बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, आधी काही कळलं असतं असं नाही.

दहाव्या-बाराव्याचं सगळं झाल्यावर मी खोलीचं कुलूप उघडलं. ट्रे तिथेच होता. सगळा पालथा.

आता बघा माझं काय झालं असेल. तो माल जुना होता, बरेच वेळा उडालेला. एकाच वेळी सगळा संपणं होऊ शकतं. आणि तिचा राग पण होऊ शकतो. मी सकाळपासूनचं सगळं आठवत बसलो. चहाच्या वेळी ती म्हणाली होती, "रविवारी जासईला हलदीला जाऊया ना?" मी "बघू" म्हटलं होतं. "बघू" तिला आवडायचं नाही. पण त्याच्यावर एवढा ट्रे? तिच्या नाकाचा शेंडा लाल होता का, ते मी बघितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एक चिरून बघायची. करवत त्याच ड्रॉवरमध्ये होती. काढली मी. परत ठेवली. आत खोबण नसली तर बायको माझ्यावर रागावून गेली, हे मला कायमचं कळून चुकलं असतं. आकडा घालून बघावं तर माझ्या बोटांना कळत नाही. ट्रेवर फडकं टाकलं. ठेचायच्या होत्या त्या ठेचल्या नाहीत. क्लबाला सांगितलं, आता नवीन पितळच मागवा, जुनं तपासायला माणूस नाही.

मग वैदेही आली. बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, डोंबिवलीहून लग्न होऊन इकडे आलेली. मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळीची रायफल चांगली मारते. तिचा परवाना झाला, स्वतः भरायची परवानगी झाली, आणि ती यादी घेऊन माझ्यासमोर.

"काका, बिगिनरला कुठलं मशीन बरं?"

"सगळ्यात आधी मशीन घेऊ नकोस."

"बरं. मग आधी काय घेऊ?"

असं आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. बाकीचे वाद घालतात. मी तिला काटा सांगितला, बाक, ट्रे, साधं प्रेस. ती म्हणाली, "आणि पुंगळ्या आतून तपासायला? त्याचं पण काहीतरी ऑनलाइन दिसलं."

मी ड्रॉवरमधून बेबीचा आकडा काढून बाकावर ठेवला.

"हेअरपिन?"

"हां. हात दाखव."

बोटं बघितली. दिवसभर कीबोर्ड बडवते, पण मऊ. म्हटलं, बस.

चिरलेल्या पुंगळ्यांचे नमुने सुभेदारांनी खिळ्याला टांगलेले होते. ते तिच्या हातात दिले आणि डोळे मिटायला सांगितलं. अर्ध्या पुंगळीवरून आकडा ओढ, अडकतं ते सांग. पहिले काही दिवस तिला सगळीकडेच अडकायचं. "काका, मला वाटतं मी घाबरतेय म्हणून अडकतंय." मी म्हटलं, "घाबरलेली बरी. निलेशसारखी नको." मग जुन्या साठ्यातल्या खऱ्या पुंगळ्या. ती बाद म्हणाली की मी चिरून बघायचो. चुका व्हायच्या, हळूहळू कमी झाल्या, मग व्हायच्या थांबल्या. बेबीसारखा हात नाही. ती आकडा फिरवताना खिडकीबाहेर बघायची, वैदेही अजून भुवया आवळते. पण चुकत नाही.

एकदा मध्येच तिने विचारलं, "त्या फडक्याखाली काय आहे?"

मी सांगितलं. मेव्हण्याच्या साखरपुड्यापासून नळापर्यंत सगळं.  ती म्हणाली, "मी तपासू?"

"नको."

तिने पुन्हा विचारलं नाही.

मग मी खोली सोडायचं ठरवलं. डोळे दुखतात, काट्यावरचं वजन दोनदा वाचावं लागतं. क्लबाने तपासणीचं काम वैदेहीकडे द्यायचं ठरवलं. चावी तिच्या हातात द्यायची, त्याच्या आदल्या दिवशी मी विचार केला. सुभेदारांनी मला खोली दिली तेव्हा आतली एकेक वस्तू तपासून दिली होती. न तपासलेलं पितळ खोलीत ठेवून चावी देणं बरोबर नाही. उद्या मी नसताना कोणी फडकं काढेल, चांगल्या समजून भरेल. मी कोणाला विचारून फडकं टाकलं होतं?

सकाळी ती आली तेव्हा ट्रे तिच्या जागेवर होता, फडकं काढलेलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती स्टुलावर बसली, आकडा घेतला. मी माझ्या जागेवर बसलो. करायला काही नव्हतं म्हणून काटा पुसत राहिलो. नियम होता म्हणून बरं झालं, मला बोलता आलं नसतं.

पहिली पुंगळी. आकडा आत, बुडाला, वर. भुवया आवळल्या. पालथी ठेवली.

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, छातीवरचं ओझं उतरलं. दुसरी घेतली, पालथी. तिसरी, पालथी. ती घाई करत नव्हती. प्रत्येकीत आकडा दोनदा फिरवत होती. अर्ध्या ट्रेपर्यंत आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वाट बघतोय. एखादी तरी उभी राहू दे म्हणून. वर्षभर मी घाबरत होतो की बेबी रागावून गेली. आणि आता मला कळलं, मला तो राग पाहिजे होता. राग असता तर तो ट्रे मला दिलेला असता. माझ्याशी बोललेली असती ती, जाता जाता. माणूस फुटका हाय, एवढं तरी.

एकही उभी राहिली नाही. शेवटची पालथी ठेवून वैदेहीने ट्रे माझ्या कोपराशी सरकवला, बेबी सरकवायची तसाच. हे मी तिला शिकवलं नव्हतं.

मी एक काढून करवतीने चिरली. आत गोल खोबण, जवळजवळ आरपार. भरली असती तर फुटलीच असती. बेबीने त्या दिवशी तिचं काम केलं होतं, दुसरं काही नाही. सकाळची हळद तिच्या डोक्यातही नसेल.

बाद माल ठेवायचा नसतो. मी हातोडी घेतली आणि एकेक ठेचायला लागलो. एक खिशात टाकावी असं मनात आलं होतं. नाही टाकली.

ठेचता ठेचता मी बोललो. शिकवणं सोडलं तर इतक्या वर्षांत त्या बाकावर काम चालू असताना मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. "बेबे, या टायमाला पितलच फुटका होता गं."

वैदेहीने मान वर केली नाही. ट्रे तिच्यासमोर रिकामा होता, तरी आकडा हातात धरून ती खाली बघत बसली. माझी शेवटची पुंगळी ठेचून होईपर्यंत ती तशीच बसून होती. मग बाकावर बोटाने दोनदा टकटक केलं, आणि मी चहा ठेवायला उठलो.